निळी वायर

राळेगावच्या बसस्टँडमागं, चिंचेच्या सावलीत
अठ्ठ्याण्णवची एस्टीम बॉनेट उघडून उभी.
अर्धी सावली गाडीला, अर्धी मला, असं ठरलं होतं.
पण मे महिन्यात, बाराच्या टोल्याला
सावली कुणाचंच ऐकत नाही.

प्रणिता डाहाके केक करते.
वडकी, झाडगाव, वाढोणा, बड्डे कुठंही असो, क्रीम हिचं.
"मागच्या मंगळवारी पोचेपर्यंत
समृद्धीचा 'स' गेला न भाऊ, मंग 'मृ' लोंबला.
पोरीची आजी म्हणे, हे काय लिवलं व बाई?
'द्धी' राह्यली होती फक्त."
ती हसली. मग हसायची थांबली.
साडेसहाशेचा केक होता.

पुली हातानं फिरवून पाहिली. जाम नाही.
क्लचला बॅटरीवरून थेट करंट दिला,
टक्.
म्हणजे जीव आहे, निरोप पोचत नाही.

टेप उकलत गेलं की आतली माणसं दिसतात.
हा जोड दवाखान्याच्या चिकटपट्टीचा, घाईतला, रस्त्यावरचा.
हा दातानं सोललेला,
तांब्यावर अजून दाढेची खूण.
आणि ही निळी.
रिले नाही, फ्यूज नाही, प्रेशर स्विच बाजूला ठेवून
हेडलाइटच्या लाइनीतून सरळ क्लचपर्यंत ओढलेली.
मोटारपंपाची वायर! गाडीत हिचं काय काम?
मधे वितळून काळी, इंजिनाला चिकटलेली.
"कोण्या गाढवानं केलं हे?"
मी मोठ्यानं म्हणालो, रस्त्यापलीकडच्या
चहाच्या टपरीलाही ऐकू जावं असं.

जोड उघडला.
तीन पिळे उलटे, वर सुताचा धागा, धाग्यावर मेण.
हमीदचाचांच्या गॅरेजात
धाग्यावर मेण सगळेच लावायचे.
पिळे उलटे एकाचेच पडायचे,
तो डावखुरा होता.

मी पक्कड डाव्या हातातून उजव्या हातात घेतली.

तेव्हा ही गाडी बांधकाम खात्याच्या साहेबाची होती.
रात्रीचे आठ. दुकानं बंद.
मागच्या सीटवर बाईसाहेब वर्तमानपत्रानं वारा घेत,
आणि मला चारशे रुपये पाहिजे होते,
कशाला, ते आता आठवत नाही.
चाचा म्हणायचे, "पहले अर्थ देख, बाकी बाद में."
मी अर्थ पाहिला नाही.
एसी चालू झाला, तेवढं पाहिलं.
पंधरा वर्षं ही कोणत्या घाटात पेटली नाही
ते कुणाच्या पुण्याईनं, मला काय माहीत.

"समजलं का जी, कोण होता?"
"समजलं."
"वळखीचा?"
"हो. आता बरं काम करतो म्हणतात."

नवी वायर, जाडी. पंधराचा फ्यूज. रिले.
प्रेशर स्विच परत आपल्या जागी,
वर कोणी गप्प बसवायचं नाही त्याला.
प्रत्येक जोडाला डाग दिला, स्लीव्ह चढवली.
मग बॉडीवरचा रंग खरवडत गेलो,
पांढरा, त्याखाली लाल प्रायमर,
त्याखाली लोखंड, पैशासारखं चमकणारं.
तिथं अर्थ आवळला.
डाव्याच हातानं.

चावी. टक्.
इंजिनानं एक आवंढा गिळला, सावरलं.
जाळीतून आधी धूळ आली, मग कुठल्या तरी
पाखराचं एक पीस,
मग गार.
प्रणितानं तळहात समोर धरला,
नखांत गुलाबी रंग अडकलेला.
"बापा! आता संध्याकाळी 'ज्ञानेश्वरी' लिवतो मी,
दहेगावच्या पोरीचं नाव हाय. केवढं मोठं!
मजुरी किती झाली?"
आकडा तोंडाशी आला होता.
"पाहू नंतर."
"नंतर म्हंजे कवा?"
मी बॉनेट पाडलं.

ती गेल्यावर गाडीच्या जागी
तळहाताएवढी ओल राहिली.
टपरीवाल्याची कोंबडी आली,
मान तिरपी करून तिनं आकाशाकडं पाहिलं,
तिथं काहीच नव्हतं,
मग चोच बुडवली.

निळी वायर खिशात होती.
अजून गरम होती, किंवा खिसा.